एडिटरचं बिऱ्हाड हलतं तेव्हा…

‘आपल्या मशीनवर हे चालत नाही’ असं म्हणून आपण किती गोष्टी सोडून देतो? एका डच प्रोग्रॅमरने तसं सोडून दिलं नाही, म्हणून आज जगभरात ‘व्हिम’ वापरला जातो. एका सिस्टीमवरचा एडिटर दुसऱ्या सिस्टीमवर कसा उभा करतात आणि ते काम तुम्ही एकदा तरी स्वतःच्या हाताने का करून बघावं, त्याची ही गोष्ट.

इंजिनीअरिंग, बीसीए नाहीतर बीएस्सी कॉम्प्युटरला असाल, तर हा प्रसंग तुमच्यावर कधी ना कधी आला असेल. कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोजवर प्रोग्रॅम मस्त चालतो. तोच पेनड्राइव्हवर घेऊन तुम्ही मित्राच्या उबंटूवाल्या लॅपटॉपवर टाकता आणि तो ढिम्म हलत नाही.

माझ्यावर हा प्रसंग शेवटच्या वर्षाला आला. वीसेक ओळींची स्क्रिप्ट होती, लॅबमध्ये विंडोजवर बसून लिहिलेली. हॉस्टेलवर येऊन लिनक्सवर चालवली तर उत्तर आलं, ‘अशी फाइल किंवा फोल्डर नाही.’ फाइल तर डोळ्यांसमोर होती! नाव तपासलं, परवानग्या तपासल्या, पुन्हा कॉपी केली, मशीन रीस्टार्ट केलं. रात्रीचे दोन वाजले. शेवटी शेजारच्या खोलीतल्या सीनियरला उठवलं.

“दादा, फाइल इथेच आहे आणि हा म्हणतो नाहीये.”

त्याने डोळे चोळत स्क्रीनकडे बघितलं. “कुठे लिहिलीस?”

“लॅबमध्ये. नोटपॅडवर.”

“मग त्याचं बरोबर आहे. तुझ्या ओळीच्या शेवटी एक अक्षर आहे. तुला दिसत नाही, त्याला दिसतं. व्हिममध्ये उघड.”

व्हिममध्ये फाइल उघडली तर खाली चौकटी कंसात ‘डॉस’ असं लिहून आलं. दादाने एक छोटी कमांड दिली, सेव्ह केलं आणि स्क्रिप्ट चालली. जेमतेम पाच सेकंदांचं काम. तो परत जाऊन झोपला. मला मात्र झोप येईना. विंडोजची रीत वेगळी, लिनक्सची वेगळी. या एडिटरला दोन्हीकडच्या रीती कशा काय ठाऊक?

न दिसणारं अक्षर

आधी त्या अक्षराचं बघू. घरात कुणी टायपिंगची ‘मराठी ३०, इंग्रजी ४०’ परीक्षा खऱ्याखुऱ्या टाइपरायटरवर दिली असेल तर त्यांना विचारा. ओळ संपली की डावीकडची दांडी ढकलायची. त्याने दोन कामं व्हायची. कागद धरलेला रूळ पुन्हा ओळीच्या सुरुवातीला यायचा आणि कागद एक ओळ वर सरकायचा. टेलिप्रिंटरमध्ये या दोन कामांना दोन वेगळे संकेत होते, ‘कॅरेज रिटर्न’ आणि ‘लाइन फीड’.

पुढे कॉम्प्युटर आले आणि प्रत्येकाने आपापली चूल मांडली. युनिक्सने ठरवलं, ओळ संपली हे सांगायला एकटा लाइन फीड पुरे. डॉसने दोन्ही ठेवले आणि तीच रीत विंडोजमध्ये आली. जुन्या मॅकने फक्त कॅरेज रिटर्न घेतला. त्यामुळे एकच मजकूर तीन मशीनवर तीन तऱ्हांनी साठवला जाऊ लागला.

माझ्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत, ती कोणत्या प्रोग्रॅमने चालवायची त्याचं नाव होतं. लिनक्सने शेवटी चिकटलेला कॅरेज रिटर्न त्या नावाचाच भाग धरला आणि त्या विचित्र नावाचा प्रोग्रॅम शोधायला गेला. तो कुठून सापडणार! ‘नाही’ होता तो प्रोग्रॅम. माझी फाइल होती तिथेच होती.

ऑपरेटिंग सिस्टीम बदलते म्हणजे नेमकं काय बदलतं, याचं हे सगळ्यात छोटं उदाहरण. एडिटरसारखा साधा वाटणारा प्रोग्रॅमसुद्धा अशा शेकडो छोट्या गोष्टी गृहीत धरून चाललेला असतो. त्याला नव्या सिस्टीमवर न्यायचं, म्हणजे ‘पोर्ट’ करायचं, तर ती प्रत्येक गृहीत धरलेली गोष्ट शोधून काढावी लागते.

अमिगावर व्हीआय नाही? मग…

आता थोडा इतिहास. कंटाळा येणार नाही, गॅरंटी.

१९७६च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला बिल जॉय नावाचा विद्यार्थी युनिक्ससाठी एक एडिटर लिहीत होता. त्यातूनच ‘व्हीआय’ तयार झाला. तो ज्या ‘एडीएम-३ए’ टर्मिनलवर काम करायचा त्याच्या कीबोर्डवर वेगळ्या बाणांच्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या अक्षरांच्या कळांवरच बाण छापलेले होते. आजही व्हिममध्ये कर्सर हलवायला याच चार कळा वापरतात. म्हणजे जवळपास पन्नास वर्षांपूर्वीच्या एका टर्मिनलचा कीबोर्ड आजही तुमच्या बोटांत आहे!

व्हीआय युनिक्सवर लोकप्रिय झाला. पण १९८०च्या दशकात घरोघरी आले ते अटारी, अमिगा असे छोटे कॉम्प्युटर आणि त्यांच्यावर युनिक्स नव्हतं. १९८७मध्ये टिम थॉम्पसन यांनी अटारी एसटीसाठी व्हीआयसारखा एक एडिटर लिहिला आणि त्याला ‘स्टीव्ही’ हे नाव दिलं. सोर्स कोड खुला होता. इतरांनी तो उचलला आणि आपापल्या मशीनवर नेला. कुणी युनिक्सवर, कुणी अमिगावर.

नेदरलँड्समध्ये ब्रॅम मोलेनार यांच्याकडे अमिगा होता. त्यांना व्हीआयची सवय झालेली आणि अमिगावर व्हीआय नाही. ‘येईल तेव्हा येईल’ म्हणून ते बसून राहिले नाहीत. १९८८मध्ये त्यांनी स्टीव्हीचा सोर्स कोड घेतला आणि स्वतःला हवा तसा एडिटर बनवायला सुरुवात केली. १९९१मध्ये तो लोकांसाठी बाहेर पडला, तोही फ्लॉपीवरून. अमिगावाल्यांमध्ये फ्रेड फिश यांच्या फुकट सॉफ्टवेअरच्या फ्लॉप्या फिरायच्या. त्यातल्या ५९१ नंबरच्या फ्लॉपीवर व्हिमची १.१४ आवृत्ती होती. तेव्हा व्हिमचा अर्थ होता ‘व्हीआय इमिटेशन’, म्हणजे व्हीआयची नक्कल.

१९९२मध्ये गंमत झाली. ही नक्कल युनिक्सवर पोर्ट झाली. म्हणजे जिथे अस्सल व्हीआय जन्मला तिथेच, त्याच्या माहेरी, त्याची नक्कल राहायला आली! तोपर्यंत तिच्यात मूळ एडिटरपेक्षा कितीतरी जास्त सोयी होत्या. १९९३मध्ये नावाचा अर्थही बदलला आणि ती ‘व्हीआय इम्प्रूव्ह्ड’ झाली. आज बऱ्याच लिनक्स मशीनवर तुम्ही व्हीआय टाइप करता तेव्हा उघडतो तो व्हिमच.

अटारीवरून अमिगा, अमिगावरून युनिक्स, मग विंडोज, मॅक. इतक्या वेळा बिऱ्हाड हलवलेल्या या प्रोग्रॅमला दोन्हीकडच्या रीती ठाऊक असणारच ना!

नव्या खोलीतला पहिला दिवस

तुम्ही नांदेडहून किंवा सावंतवाडीहून पुण्यात शिकायला आलात. नवी खोली भाड्याने घेतली. पहिल्या दिवशी काय करता? नळ उघडून बघता, पाणी किती वाजता येतं ते विचारता. एकेक बटण दाबून कोणता दिवा लागतो ते बघता. सॉकेटमध्ये आपला चार्जर बसतो का, गीझर आहे का, गॅलरीत कपडे वाळतील का… तुमच्या गरजा त्याच असतात, जेवण, झोप, आंघोळ. व्यवस्था मात्र वेगळी असते. म्हणून गृहीत काहीच न धरता तुम्ही आधी बघून घेता.

सोर्स कोडच्या बाबतीत हे बघून घेण्याचं काम जी स्क्रिप्ट करते, तिचं नाव ‘कॉन्फिगर’. लिनक्सवर व्हिमचा सोर्स कोड उतरवून ती चालवली की स्क्रीनवर भराभर ओळी पळायला लागतात. हे आहे का, आहे. ते आहे का, नाही. बहुतेक मुलं त्या ओळींकडे न बघता मोबाइल हातात घेतात. पुढच्या वेळी तसं करू नका, त्या वाचा.

ही स्क्रिप्ट सिस्टीमचं नाव बघून अंदाज बांधत बसत नाही. बऱ्याच गोष्टींसाठी ती चार-पाच ओळींचा एक चिमुकला सी प्रोग्रॅम लिहिते आणि तो कंपाइल होतो का ते बघते. झाला, तर ती सोय आहे. नाही झाला, तर नाही. अशा सगळ्या उत्तरांची नोंद ती एका हेडर फाइलमध्ये करते. मग एडिटरचा कोड कंपाइल होताना त्या नोंदी बघतो आणि त्याप्रमाणे आपले तुकडे निवडतो.

पूर्वी हे सगळं हाताने करावं लागायचं. ‘ईमॅक्स’ हा दुसरा नावाजलेला एडिटर बघा. जीएनयू ईमॅक्सच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये दोन प्रकारच्या फाइल असायच्या. ‘एस’ने सुरू होणाऱ्या फाइल ऑपरेटिंग सिस्टीमच्या, ‘एम’ने सुरू होणाऱ्या मशीनच्या. इन्स्टॉल करणाऱ्याने आपली सिस्टीम कोणती, मशीन कोणतं ते ओळखून एकेक फाइल निवडायची आणि त्यांची नावं कॉन्फिगच्या फाइलमध्ये स्वतः लिहायची. तुमच्या मशीनची फाइल नसेलच तर? मग जवळच्या मशीनची फाइल घ्या, चुका दुरुस्त करत बसा आणि जमलं की ती फाइल इतरांसाठी पाठवा. असं करत करत यादी वाढत गेली.

१९९१मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ‘ऑटोकॉन्फ’ लिहायला घेतलं. कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करून देणारं हे साधन. त्याच्यामागचा विचार आयुष्यातही कामी येईल असा आहे. मशीनचं नाव विचारून तर्क लढवत बसू नका, नेमकी हवी ती गोष्ट आहे का ते करून बघा. कारण एकाच नावाच्या दोन सिस्टीममध्ये फरक असू शकतो आणि नाव न ऐकलेल्या सिस्टीममध्येही तुम्हाला हवं ते सगळं मिळू शकतं.

काम एक, तऱ्हा अनेक

आता जरा कोडच्या आत डोकावू. व्हिमच्या सोर्समध्ये युनिक्स, विंडोज, अमिगा, व्हीएमएस अशा वेगवेगळ्या सिस्टीमसाठी वेगवेगळ्या फाइल आहेत. ‘ओएस-युनिक्स’, ‘ओएस-विन३२’, ‘ओएस-अमिगा’ अशी त्यांची नावं. हो, अमिगाची फाइल अजूनही आहे!

या फाइलमध्ये ‘एमसीएच’ने सुरू होणारी फंक्शन्स दिसतील. एमसीएच म्हणजे मशीन. सोपं उदाहरण, थोडा वेळ थांबायचं काम. बाकीचा एडिटर फक्त इतकंच म्हणतो, ‘अमुक मिलिसेकंद थांब.’ कसं थांबायचं ते ज्या त्या सिस्टीमची फाइल बघते. विंडोजच्या फाइलमध्ये ‘स्लीप’ला मिलिसेकंद जसेच्या तसे दिले की झालं. युनिक्सच्या फाइलमध्ये, त्या सिस्टीमवर थांबण्याची कोणती सोय सापडली त्याप्रमाणे वेगवेगळे पर्याय आहेत. अमिगाची घड्याळाची टिकटिक सेकंदाला पन्नास, म्हणून तिथे मिलिसेकंदांना वीसने भागावं लागतं. काम तेच, प्रत्येकाकडे तऱ्हा वेगळी.

असे फरक कुठे कुठे भेटतात? फाइलचा पत्ता लिहिताना युनिक्सवर पुढे झुकलेली रेघ, विंडोजवर मागे झुकलेली. लिनक्सवर ‘नोट्स’ हे नाव कॅपिटल एन आणि स्मॉल एन वापरून लिहिलं तर त्या दोन वेगळ्या फाइल, विंडोजवर सहसा एकच. व्हिमच्या सेटिंगची फाइल लिनक्सवर टिंबाने सुरू होते, विंडोजवर ती अंडरस्कोअरने सुरू होणारी असते, कारण डॉसच्या काळात नावाच्या सुरुवातीला टिंब चालायचं नाही.

आणि ही तर खास गंमत. विंडोजवर ‘कॉन’, ‘ऑक्स’, ‘नल’ या स्पेलिंगची नावं फाइलला द्यायला गेलात तर गडबड होते. डॉसच्या जमान्यात ही नावं कीबोर्ड-स्क्रीन, पोर्ट अशा उपकरणांसाठी राखून ठेवली होती, ती अजून तशीच आहेत. लिनक्सवर कुणी बिनधास्तपणे ऑक्स नावाची फाइल प्रोजेक्टमध्ये ठेवली, की विंडोजवाला तो प्रोजेक्ट उतरवताना अडकलाच म्हणून समजा.

कोडमध्ये हे सगळे फरक सांभाळायला ‘इफडेफ’ नावाची अट वापरतात. ‘विंडोज असेल तर हे, युनिक्स असेल तर ते.’ एखाददुसरी अट असेल तोवर ठीक. पण पानापानावर अटींचं जंगल माजलं की कोड वाचताना डोकं गरगरतं. म्हणून शहाणे लोक सिस्टीमचे फरक होता होईल तो एका कोपऱ्यात गोळा करतात आणि बाकीचा एडिटर त्यापासून मोकळा ठेवतात.

काही घरं सोडावी लागतात

एकदा पोर्ट केलं की संपलं, असं मात्र होत नाही. मशीन बदलतात, कंपायलर बदलतात, कुणीतरी ते घर झाडून-पुसून ठेवावं लागतं. २०१६मध्ये आलेल्या व्हिम ८.०ने एमएस-डॉसचा आधार काढून टाकला. एडिटर इतका वाढला होता की तिथल्या मेमरीत तो मावतच नव्हता. ओएस/२चाही आधार गेला, कारण तिथे तो वापरणारं कुणी उरलेलं दिसत नव्हतं.

याच मुद्द्यावरून २०१४मध्ये एक वेगळी वाट फुटली. थियागो दि अरुडा यांनी व्हिमच्या कोडपासून ‘निओव्हिम’ सुरू केला. जुन्या सिस्टीमसाठीच्या कितीतरी अटी त्यांनी काढून टाकल्या आणि सिस्टीमचे फरक सांभाळायला ‘लिबयूव्ही’ ही तयार लायब्ररी घेतली. एकाचं म्हणणं, जुन्या मशीनवाल्यांना वाऱ्यावर सोडू नका. दुसऱ्याचं म्हणणं, ओझं कमी केलं तरच नवी मुलं कोडला हात लावतील. तुम्हाला कोणतं पटतं? दोन्हीकडचा कोड खुला आहे. वाचा आणि ठरवा.

ब्रॅम मोलेनार यांचं ३ ऑगस्ट २०२३ रोजी निधन झालं. १९९४मध्ये ते युगांडातल्या किबाले इथल्या मुलांच्या केंद्रात वर्षभर स्वयंसेवक म्हणून राहिले होते. पुढे त्यांनी व्हिम सगळ्यांना फुकट दिला आणि बदल्यात सांगितलं, जमलं तर तिथल्या मुलांना मदत करा. व्हिम नुसता उघडलात की स्क्रीनवर युगांडाचं नाव का येतं, ते आता कळलं असेल. जानेवारी २०२४मध्ये आलेली ९.१ आवृत्ती त्यांना अर्पण केली आहे. काम थांबलं नाही, स्वयंसेवकांनी ते पुढे चालू ठेवलंय.

मराठीचं सामान अजून लागायचंय

“हे सगळं झालं हो, पण आपला काय संबंध?” असं कुणी विचारेल. संबंध आहे आणि तो या लेखाच्या शीर्षकातच आहे.

‘बिऱ्हाड’ हा शब्द घ्या. आपण म्हणू, तीन अक्षरं, बि-ऱ्हा-ड. कॉम्प्युटरसाठी मात्र ही सात चिन्हं आहेत. ब, ऱ्हस्व वेलांटी, ऱ, हलन्त, ह, काना आणि ड. युनिकोडमधलं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेतं, म्हणजे शब्द एकवीस बाइटचा. (ही यूटीएफ-८ पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२मध्ये तयार केली. हेच केन थॉम्पसन युनिक्सच्या पहिल्या एडिटरचे, ‘ईडी’चेही कर्ते.)

आता टर्मिनलकडे बघा. टर्मिनल म्हणजे गणिताच्या वहीचं चौकटींचं पान. एका चौकटीत एक अक्षर, असं गृहीत धरून ते बनलं, कारण ते बनवणाऱ्यांसमोर इंग्रजी होती. आपली वेलांटी टाइप होते अक्षरानंतर आणि दिसते अक्षराच्या आधी. जोडाक्षर किती चौकटींत बसवायचं, कर्सर कुठे थांबवायचा, बॅकस्पेस मारल्यावर पूर्ण अक्षर खोडायचं की नुसता काना? एडिटर एक उत्तर देतो, टर्मिनल दुसरं आणि फॉन्ट तिसरं. त्यामुळे एकाच फाइलमधलं मराठी एका टर्मिनलवर ठीक दिसतं आणि दुसरीकडे अक्षरं एकमेकांवर चढतात.

याहून नाजूक गोष्ट आहे ती त्या अर्ध्या ‘र’ची. ‘बिऱ्हाड’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यातला अर्धा र दोन रीतींनी टाइप होतो. एका रीतीत ऱ आणि हलन्त. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर ‘झेडडब्ल्यूजे’ नावाचं एक न दिसणारं अक्षर. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण तुम्ही एका रीतीने शोधायला गेलात आणि फाइलमध्ये शब्द दुसऱ्या रीतीने लिहिलेला असेल, तर एडिटर सांगू शकतो, ‘असा शब्द नाही.’

ओळखीचं वाटतंय? माझी स्क्रिप्ट ‘नाही’ म्हणून सांगितली होती, अगदी तसंच. तिथे न दिसणारा कॅरेज रिटर्न होता, इथे न दिसणारा झेडडब्ल्यूजे. फरक एवढाच, की कॅरेज रिटर्नचं दुखणं अनेकांना झालं म्हणून अनेकांनी औषध शोधलं. अर्ध्या ‘र’चं दुखणं ज्यांना होतं, ते म्हणजे आपण. ही चूक आहे हे ओळखायलाच मराठी यावं लागतं. ब्रॅम यांच्या अमिगावर व्हीआय नव्हता आणि आपल्या एडिटरमध्ये मराठी नीट नांदत नाही. प्रसंग तसाच आहे. कोड खुला आहे, चूक कळवायची सोय आहे. अडलंय ते कुणीतरी पहिल्यांदा सोर्स उतरवून कॉन्फिगर चालवण्यावर.

या शनिवार-रविवारी करून बघा

• लिनक्स असेल तर गिट, सी कंपायलर आणि मेक इन्स्टॉल करा. व्हिमचा सोर्स उतरवा. कॉन्फिगर, मग मेक, मग मेक टेस्ट, हा क्रम.

• थेट सिस्टीममध्ये इन्स्टॉल करू नका. कॉन्फिगरला ‘प्रिफिक्स’ देऊन तुमच्या होम फोल्डरमधला एखादा पत्ता सांगा. बिघडलं तर तो फोल्डर डिलीट केला की झालं.

• टर्मिनलची लायब्ररी सापडली नाही म्हणून कॉन्फिगर बहुधा पहिल्याच फटक्यात थांबेल. घाबरू नका. ‘एनकर्सेस’ची डेव्हलपमेंट आवृत्ती टाका आणि पुन्हा चालवा.

• चुकांची रांग लागली तर सगळ्यात वरची चूक आधी वाचा. खालच्या बऱ्याचशा तिच्यामुळेच आलेल्या असतात. कॉन्फिगर कुठे अडलं ते ‘कॉन्फिग-लॉग’ फाइलमध्ये सविस्तर मिळतं.

• एकदा ‘टायनी’ आणि एकदा ‘ह्यूज’ फीचर्स निवडून दोन व्हिम बांधा. दोघांना व्हर्जन विचारा. कोणती सोय अधिक चिन्हाने आणि कोणती उणे चिन्हाने येते ते ताडून बघा.

• विंडोजवर कॉन्फिगरची पद्धत नाही. सोर्समध्ये पीसीसाठी वेगळी सूचनांची फाइल आहे आणि मिंगडब्ल्यू व व्हिज्युअल सी++साठी वेगळ्या मेकफाइल आहेत. आधी सूचना वाचा. ‘डब्ल्यूएसएल’मध्ये बांधलात तर तो लिनक्सचा व्हिम झाला, विंडोजचा नाही!

• लॅपटॉप नाही? अँड्रॉइड फोनवर ‘टर्मक्स’ टाका. तिथे क्लँग कंपायलर, मेक, गिट सगळं मिळतं. अँड्रॉइडवर लिनक्सचे नेहमीचे फोल्डर नेहमीच्या जागी नसतात, त्यामुळे थोडी दुरुस्ती करावी लागू शकते. पोर्टिंग म्हणजे काय ते तिथे खरं कळेल.

• शेवटी एक मराठी फाइल उघडा. ‘बिऱ्हाड’ दोन्ही रीतींनी लिहा आणि शोधून बघा. काय झालं ते वहीत नोंदवा, कोणती सिस्टीम, कोणतं टर्मिनल, कोणता फॉन्ट, कोणती आवृत्ती. ही नोंद म्हणजे तुमच्या पहिल्या योगदानाची सुरुवात.

हे केल्याने लगेच पॅकेज वाढेल असं मी म्हणणार नाही. पण इंटरव्ह्यूमध्ये ‘तुम्ही स्वतः काय केलंत?’ या प्रश्नावर बहुतेकांची बोबडी वळते. तेव्हा ‘एक एडिटर सोर्सपासून बांधला, तीनदा मोडला, चौथ्यांदा चालला आणि तो का मोडत होता ते मी सांगू शकतो’ हे उत्तर देणाऱ्याकडे समोरचा माणूस मान वर करून बघतो.

त्या रात्रीनंतर आठवड्याभराने मी पहिल्यांदा व्हिम सोर्सपासून बांधला. दीड दिवस गेला. टर्मिनलवर एडिटर उघडल्यावर पळत जाऊन शेजारच्या खोलीतल्या दादाला दाखवला. तो एकदाच हसला आणि म्हणाला, “आता रात्री दोन वाजता कुणी तुझं दार वाजवलं, तर उठशील ना?”

तेव्हापासून मी उठतोय. तुमचंही दार कुणीतरी वाजवेलच. त्याआधी एकदा स्वतःच्या हाताने हे बिऱ्हाड हलवून बघा.